वीस वर्षांच्या पुढची अस्मा

अस्मा जन्मली तेव्हा कुण्या डॉक्टरने अब्बांना सांगितलं, हिला डाउन सिंड्रोम आहे, वीस वर्षांच्या पुढे धरून चालू नका. अब्बा गेले आणि माझी ही बहीण अडतीसची झाली. विशी उलटल्यापासून तिचा प्रत्येक दिवस आम्ही वरकमाई धरला. वरकमाईबद्दल कुणी तक्रार करतं का?

म्हणून गेल्या वर्षी ती मंदावली तेव्हा मी गप्प राहिलो. विसरवाडीत माझं शिलाईचं दुकान आहे, काज-बटण अस्माकडे. गिऱ्हाइकाला दटावणारी अस्मा हातात सुई धरून पेंगायला लागली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, बोलणं आटलं. माझी बायको रशिदा म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, आता छळू नकोस तिला, भरत आलंय तिचं. स्वतःला मी फार समजूतदार समजत होतो.

उपकेंद्रातली नर्स सीमा ब्लाउज टाकायला आली. माप राहिलं बाजूला, ती अस्माचे हात नि गळा बघत बसली. मी म्हटलं, ती तशीच आहे, जन्मापासून.

"चाचा, ती तशीच नही शे," सीमा म्हणाली. "ती आजारी शे."

मला राग आला. कालची पोर मला माझी बहीण शिकवणार! पण रशिदाने बुरखा चढवलाच होता. नवापूरला रक्त तपासलं, थायरॉईड निघाला. अशा माणसांना तो सहज होतो, डॉक्टर म्हणाले, दरवर्षी बघायचा. कान, डोळे, हृदयही बघत राहायचं. आम्ही एकदाही बघितलं नव्हतं. इलाज काय, तर सकाळी उपाशीपोटी एक गोळी. एवढ्यासाठी मी बहिणीला मातीत घालायला निघालो होतो.

तीन महिन्यांनी अस्माने माप द्यायला आलेल्या एका मास्तरांची कॉलर धरून त्यांना सरळ उभं राहायला लावलं. रशिदा रडली. मीही रडलो, लपवलं नाही.

परवा सीमा आली तेव्हा धीर करून विचारलं, अजून किती वर्षं?

"आते ही लोके साठी गाठतस, चाचा. ध्यान ठेवा फक्त."

मी छप्पन्नचा. माझ्यामागे हिला कोण बघणार, ही काळजी इतरांना असं लेकरू जन्मताच लागते. मला ती आयुष्यात पहिल्यांदा लागली. मी मशीन थांबवली आणि अल्लाचे आभार मानले.