ग्रीनवरची हरळी

"बेन, इथून नको ना! कुंपणापाशी पाहिजे तेवढ्या दूर्वा आहेत!" पाण्याचा पाइप टाकून माळी लोटू धावला.

बंगल्यातल्या हसुमतीबेननी मान हलवली आणि चतुर्थीच्या पूजेसाठी आणखी एक जुडी खुडली.

सुरतेबाहेरच्या त्या बंगल्यांच्या सोसायटीत लहानसं गोल्फचं मैदान होतं. चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हरळीला सगळे ग्रीन म्हणत, आणि ती लोटूच्या गळ्यात होती. कुणी तिच्यावरून उंच टाचांनी फिरे, कुणाची पोरं स्टंप ठोकत, कुणाचं कुत्रं उकरी. बोलणी मात्र लोटूला. त्यात रविवारी सामने.

आणि आज बापाचं लचांड सोबत. डोकं चळल्यापासून जन्मभर शेती केलेला दगा म्हातारा घराजवळच्याच, नवागामच्या गल्ल्यांत सारखा हरवायचा. "साड्यांचे धागे कापू का यांच्यामागं पळू?" म्हणत लोटूच्या बायकोनं, उषाबाईनं, सकाळीच हात टेकले होते. लोटूनं त्याला कडुनिंबाखाली बसवलं, हातात बिडी दिली.

"बा, आठेच बस. उठू नको."

तेवढ्यात पाणी बंद पडलं. दोन-अडीच तास मोटारीशी झगडून, सोसायटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून लोटू परतला, तर म्हातारा ग्रीनच्या मधोमध उकिडवा. हातात लोटूचीच खुरपी. अर्धी ग्रीन उघडी पडलेली.

"बा! हाई काय करं तुनी?"

म्हातारा घामेजल्या चेहऱ्यानं हसला. "वावरमा इतली हरळी माजू दिधी? लोकं हासतीन ना!"

लोटूनं खुरपी हिसकावली. म्हातारा मुळांची माती झटकत होता आणि एकेक मूळ बाजूच्या डांबरी वाटेवर नेऊन ठेवत होता, पुन्हा रुजू नये म्हणून.

मॅनेजर देसाईंची स्कूटर थांबली. "अरे, आ गांडो कोण छे? इस पागल को अंदर किसने छोडा?"

कुणास ठाऊक, घुसला असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. लोटूच्या जिभेवर ते आलंही.

"मेरा बाप है, साब."

देसाई उघड्या मातीकडे बघत राहिले. "तो ले जा इनको. और कल से तू भी मत आना."

लोटूनं बापाला नळावर आणलं. म्हाताऱ्याची नखं तुटून रक्ताळली होती. लोटू तणतणतच त्याची बोटं चोळून धुऊ लागला. म्हातारा मात्र मागे वळून रानाकडे पाहावं तसा पाहत होता.

"आते काय पेरशी?"

लोटूनं नळ बंद केला.

"कपाशी."

"बरं." म्हाताऱ्यानं ओले हात धोतराला पुसले आणि फाटकातून बाहेर पडून रस्त्याच्या कडेनं चालू लागला, बांधावरून चालावं तसा, जपून, पावलापुढे पाऊल टाकत.