त्रेसष्टावं घर

हेतल दारात उभी राहून "गुणाकाकी" म्हणाली, तेव्हा गुणाबाईला आधी खरंच वाटेना. गावातल्या कुणी तिला हाक मारून चार वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्यानं, बुधाजीनं, देवळाच्या जमिनीच्या खटल्यात गावकीविरुद्ध साक्ष दिली आणि गावकीनं घर वाळीत टाकलं. मागल्या वर्षी बुधाजी गेला. खांदा द्यायला तळोज्याच्या कंपनीतले त्याचे चार सोबती आले. गाव दारं लावून बसलं. साक्ष देणारा गेला, शिक्षा मात्र घरात राहिली. एकट्या बाईला शिक्षा देणं सोपं जातं, हे गावकीला कुणी शिकवावं लागत नाही.

हेतल ही गावकीचा प्रमुख बळीराम याची मुलगी. पनवेलच्या कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करत होती. गावात कोण कुणाच्या उपयोगी पडतं, हे घरोघर विचारून लिहीत होती. तिनं यादीत बासष्ट घरं धरली, कॉलेजातल्या तिच्या मॅडमनी नकाशावर त्रेसष्ट छपरं मोजून दाखवली. पोरीनं घर मुद्दाम गाळलं नव्हतं. तिकडे न बघायची तिला इतकी सवय झाली होती, की ते तिला दिसलंच नाही. "एक घर सुटलं तरी मी सही करणार नाही," मॅडम म्हणाल्या. मग गावकी बसली आणि मोठ्या शहाणपणानं तोडगा निघाला: कागदावरचं विचारायचं, उत्तर लिहायचं, वर एक शब्द बोलायचा नाही आणि पाणी प्यायचं नाही.

गुणाबाईला कागदावरचंही चालणार होतं. हेतलनं वय विचारलं, तर तिनं जन्माच्या वर्षीचा पूर सांगितला. शिक्षण विचारलं, तर न पाहिलेली शाळा सांगितली. प्रश्न संपू नयेत म्हणून ती एकेक उत्तर ताणत होती. पोरगी खाली मान घालून लिहीत राहिली.

"शेवटचा प्रश्न. अडीअडचणीला पहिली हाक कुणाला माराल? तीन नावं सांगायची. नाव मी फॉर्मवर लिहीत नाही काकी, आकडा लिहिते. कुठला आकडा कुणाचा, ती वही मॅडमच्या कपाटात असते."

गुणाबाईनं यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. तीन नावं! तिच्यापाशी एक होतं. मागच्या आळीतली गोदू रोज पहाटे परसातल्या दगडी गडग्यावर पानात बांधून कोलंबी ठेवून जायची. बोलायची नाही, थांबायचीही नाही. 'कोनी नाय' असं लिहून घ्यावं आणि ते कॉलेजातल्या लोकांनी वाचावं, हे गुणाबाईला सोसवेना.

"गोदू," ती म्हणाली. "गोदू हाय मला. मासली देते. लिव."

हेतलनं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटून निघाली.

पुढच्या दोन पहाटा गडगा रिकामाच होता. दुसऱ्या दिवशी गुणाबाईला ती फाइल आठवली. हे आपण काय करून बसलो? फाइल बळीरामच्या घरात. बळीराम शिकलेला. गोदूच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. गोदूला वाळीत टाकलं तर मांडवात कोण येईल, आणि नवऱ्याकडचे तरी कशाला येतील? चार वर्षांत ज्या एका बाईनं जीव लावला, तिचाच आपण गळा कापला. एक नाव सांगायची हौस! गुणाबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि ती धावत सुटली.

बळीराम पडवीत खुर्चीवर बसला होता. मांडीवर हेतलची फाइल उघडी, कपाळाला आठ्या. शेजारी हेतल उभी. ते बघून गुणाबाईला उरलंसुरलं भानही राहिलं नाही. पायरी चढायची तिला मनाई होती, म्हणून ती अंगणातच गुडघ्यांवर बसली.

"गोदूला काय करू नका! पाया परते. तिचा काय दोस नाय. मासली मीच मागितली, ती बिचारी ठेवून जाते आनि जाते. बोलत पन नाय वो माज्याशी. मला काय करायचं ते करा!"

"काकी, गप्प बसा!" हेतल ओरडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बळीरामच्या मांडीवरच्या फॉर्मवर शेवटच्या प्रश्नासमोर सतरा हा आकडा होता. पोरगी एवढे दिवस उन्हातान्हात कसले आकडे लिहिते, हे तो मघापासून तिलाच विचारत होता. गोदू तर दोन दिवस मुलीच्या बस्त्याला पनवेलला गेली होती.

बळीरामनं फाइल मिटून बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि अंगणात बसलेल्या बाईकडे नीट पाहिलं.

"काय गुणाबाय," तो अगदी मायेनं म्हणाला, "कोनती गोदू?"