फळ्यावरचा ‘का?’

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. उचगावातल्या एका घरात चार वर्षं मी दारामागे, तोंड भिंतीकडे करून उभा होतो. शिक्षा झालेल्या मुलासारखा. चूक मात्र माझी नव्हती.

सुताराने मला घडवलं ते गावच्या दूध संस्थेसाठी. रोज सकाळी माझ्यावर प्रत्येकाच्या दुधाची फॅट लिहिली जायची. फॅट कमी म्हणजे दुधाला भाव कमी, मग माणसं भांडायला यायची. संस्थेचे सचिव आण्णा आवाज न चढवता एवढंच विचारायचे, “का कमी लागली आसंल?” मग तो माणूसच सांगायचा, पेंड बदलली, म्हैस आजारी आहे. एकाने तर पाणी घातल्याचंही कबूल केलं!

पुढे संस्थेत लाल आकड्यांत फॅट दाखवणारं यंत्र आलं. मला जळणात घालायचं आण्णांच्या जिवावर आलं. स्कूटरला आडवा बांधून त्यांनी मला घरी आणलं.

त्यांची मुलगी विद्याश्री तेव्हा एका मोठ्या संगणक कंपनीच्या मुलाखतीची तयारी करत होती. माझ्यावर चौकोन काढायची, बाण काढायची. समोर पाटावर आण्णा.

“ह्यो बाण हिकडंच का?”

“आण्णा, तुमास्नी कळणार हाय व्हय ते?”

“मला कळंस्तवर सांग. मग तुला कळलं म्हणायचं.”

ती चिडायची, खडू फेकायची, पुन्हा उचलायची. मुलाखत याच खोलीत, लॅपटॉपवर झाली. मध्येच ती अडकली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “तुम्हाला असं का वाटतं?” झालं! सवयीने तिची जीभ सुटली. नोकरी लागली. आण्णांनी एक पेढा माझ्या चौकटीवरही ठेवला. तो मुंग्यांनी खाल्ला, पण मान माझा होता.

मग घरूनच काम सुरू झालं. पडद्यावर मागे शोभत नाही म्हणून मी दारामागे गेलो. हळूहळू विद्याश्रीच इतरांच्या मुलाखती घेऊ लागली.

काही महिन्यांपूर्वी शिरोळहून दानेश्वरी नावाची मुलगी बोलत होती. पहिलं उत्तर झकास दिलं. दुसऱ्या प्रश्नाला गप्प झाली. विद्याश्री, विचार की, मी भिंतीशी म्हणत राहिलो. विद्याश्रीने आभार मानले आणि मुलाखत संपवली.

आण्णा दारातच होते. “काय लिवलंस?”

“नकार. पोरगी बोलतच न्हाय, आण्णा.”

“का बोलत न्हाय, इचारलंस?”

“अजून तीन मुलाखती हुत्या. वेळ कुठला?”

“संस्थेत दोनशे माणसं रांगंत असायची की गं.”

दानेश्वरीला पुन्हा बोलावता येईल का, असं संध्याकाळी विद्याश्रीने कंपनीत विचारून पाहिलं. निकाल कळवून झाला होता. दानेश्वरीला आता वर्षभर अर्जही करता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं, पदराने नव्हे, चांगल्या ओल्या फडक्याने पुसलं आणि स्वतःच्या नजरेसमोर टांगलं. माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘का?’ आता कुणी अडकलं की ती आधी माझ्याकडे बघते, मग विचारते. पुष्कळांच्या जिभा सुटतात. मला मात्र एका मुलीएवढा उशीर झाला.

मित्रांनो, जुने फळे जपा असा माझा हट्ट नाही. पण समोरचं माणूस गप्प झालं, तर निकाल लिहिण्याआधी हा एवढासा शब्द विचारा. माझ्यावर खडूने लिहिलेलं चुकलं तर पुसता येतं. तो नकार खडूने लिहिलेला नव्हता.