जमुनेचा कोपरा

गोधडीले चार कोपरे आन् चार बाया, असा आमच्या नांदगावचा कायदा. चौघी चार कोपऱ्यांतून टाके घालत मधात येतात. ज्या पोरीची गोधडी, तिच्या मायचा कोपरा सासरी उशाशी घ्याचा. आन् कोनाचा टाका चुकला तं दुसरीनं त्याले सुई लावाची नाई. तिले बोलवाचं, दाखवाचं. ते सोता उसवीन, नाई तं 'तू उसव' म्हनीन. सिंधूले हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सिंधू म्हंजे मोरोपंत वकिलाची सून, अमरावतीची. हात सुबक, मनानंबी वाईट नाई.

एकसष्टच्या उन्हाळ्यात माह्या ओसरीत जमुनेच्या वच्छलाची गोधडी पसरली होती. कोपऱ्यांवर जमुना, मी, सिंधू आन् शेजारची एक बाई. जमुनेचे डोये जाऊन राहिले होते. अकोल्याच्या डॉक्टरनं हात टेकले होते. "पार्वते, पोरीसाठी हे आखरीचं शिवू दे मले. कोनाले सांगू नको," म्हने. मी दोरा ओवून देत होती, ते बोटानं चाचपत टाके घालत होती. एक टाका लहान, एक मोठा, रांग वाकडी. मी पाहून न पाहल्यासारखं केलं.

एका दुपारी गिरणीवरून दयन घेऊन आली, तं सिंधू जमुनेच्या कोपऱ्यावर बसून दातानं दोरा तोडून राहिली होती. बाजूले जुन्या दोऱ्याचा गुंता.

"काहून हात लावला व?"

"अहो पार्वताबाई, सासरची माणसं हसली असती वच्छलेला. जमुनाबाईंना कशाला त्रास, म्हणून मीच उसवून नीट केलं. बघा ना!"

"तिले इचारलं?"

"त्यात काय विचारायचं? चांगलंच तर केलं."

असा संताप आला का तो गुंता तिच्या आंगावर फेकावा! मंग तिले डोयाचं सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

"मी परत उसवते," म्हने.

"उसव. पन तिचा हात कुठून आनशीन?"

संध्याकाळी जमुना आली. कोपऱ्यावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. "बरं झालं," म्हने, आन् सुई डबीत ठेवली. रडली नाई, भांडली नाई. तिनं शिव्या देल्ल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं. बाकीची गोधडी आमी तिघींनी पुरी केली. शिवताना मले काहीच वाटत नव्हतं. रागबी नाई.

वच्छला निंघाली त्या दिवशी मोटार येऊन उभी होती. पोरगी म्हने, "माय, तुहा कोपरा कोनता व? उशाशी घ्याचा हाय."

जमुनेनं चारही कोपरे चाचपले. चारही सारखेच.

सिंधू पुढं आली. डोयाले पानी. तिनं जमुनेचा हात धरून एका कोपऱ्यावर ठेवला. "हा, जमुनाबाई. हा तुमचा."

"नाई व बाई," जमुना म्हने. "हा तुहा हाय."

मंग तिनं गोधडीची घडी घातली आन् पोरीच्या हाती देल्ली.

"कोनताबी घे," म्हने. "जाय, मोटार सुटीन."