वीतभर बुटकं दार

खोकल्याने मान टाकली ती भर गोठ्यात, आणि तीही बकेटभर शेण वर उचललेलं असताना. खोकल्या म्हणजे घरचा लोडर ट्रॅक्टर. पुढे दोन लोखंडी हात, हातांना बकेट, आणि सुरू होताना असा काही खोकायचा की गायी गव्हाणीतून माना वर काढून बघत. मेकॅनिक आला, इंजिनात डोकावला आणि म्हणाला, "आता याला सुखाने जाऊ द्या."

झालं! घरात नव्या लोडरची चर्चा सुरू झाली. मुलगा खुशीत, सूनबाई त्याहून खुशीत, कारण खोकल्या बंद पडल्यापासून शेण फावड्याने ओढायचं काम दोघांच्या पाठीवर आलं होतं. तोंड वाकडं होतं ते एकट्या बाबांचं.

बाबांना लोडर नको होता असं मुळीच नाही. उलट लोडर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज पहाटे गोठा साफ करायचा, मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, आणून गव्हाणीत टाकायचा, गवताच्या गाठी हलवायच्या, हे सगळं खोकल्यावर बसून तेच करत. पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा डावा गुडघा संपावर गेला होता. चालताना कुरकुर करी, पण चढायचं म्हटलं की साफ नकार. खोकल्यावर चढायला त्यांनी एक युक्ती काढली होती. आई ज्या स्टुलावर बसून वासरांना बादलीने दूध पाजायच्या, ते स्टूल गुपचूप न्यायचं, त्यावर पाय ठेवून चढायचं आणि काम झालं की पोत्यांच्या ढिगामागे दडवायचं. आई रोज स्टूल शोधत आणि रोज कुत्र्याच्या नावाने बोटं मोडत. कुत्रं बिचारं चोरीचा आळ घेऊन शेपूट हलवत बसे.

आता खोकल्याच गेला. नव्या लोडरवर चढता आलं नाही, तर सगळ्यांना कळणार. मग मुलगा म्हणणार, "बाबा, तुम्ही आता आराम करा." या एका वाक्याची बाबांना जेवढी धास्ती होती, तेवढी मारक्या बैलाचीही कधी वाटली नव्हती. आराम करून करायचं काय हो? खिडकीत बसून दुसऱ्याने वाकडीतिकडी टाकलेली वैरण बघायची?

शोरूममध्ये दोन लोडर त्यांच्यापुढे उभे केले गेले. एक मोठा, काचेच्या केबिनचा, चकचकीत. दुसरा बसका, उघडा, बेडकासारखा जमिनीला धरून. मुलगा सरळ मोठ्याकडे गेला आणि आत चढून दांडे हलवत बसला.

"बाबा, बसून तर बघा!" शोरूमवाला म्हणाला.

बाबांनी पायरीकडे पाहिलं. पहिलीच पायरी गुडघ्याच्या वर. चढणाऱ्याने आधी पाय उचलायचा कुठून, याचा विचार ती बनवणाऱ्याने केला होता की नाही देव जाणे.

"बसायचंय काय त्यात?" ते म्हणाले. "ट्रॅक्टर आहे की दिवाणखाना? आणि रंग बघा, गायी बुजतील. काच तर आठ दिवसांत शेणाने लिंपली जाईल. हा बुटका बरा. साधा, सरळ."

"बुटक्याचे हात आखूड आहेत बाबा," मुलगा वरून म्हणाला. "गंजीच्या वरच्या थरापर्यंत गाठ पोचायची नाही. वर चढून आपणच ढकलायच्या का?"

मुद्दा बिनतोड होता. बाबांना तो पटलाही, आणि पटला म्हणूनच त्यांची पंचाईत झाली. तोंडात येईल ते बोलून गेले, "मोठा आपल्या गोठ्याच्या दारातून जायचाच नाही. दार वीतभर बुटकं पडतं."

दुसऱ्या कुठल्या घरात लगेच टेप निघाला असता. पण या घरात टेपला विचारतो कोण? गोठा बाबांनी बांधलेला, दावणी त्यांनी घातलेल्या, फाटकं त्यांनी बसवलेली, आणि सगळं त्यांच्या वितीने. टेप चुकेल, बाबांची वीत चुकायची नाही, अशी सगळ्यांची खात्री.  मुलगा खाली उतरला आणि त्याने लोडरभोवती एक फेरी मारली. बाबांना वाटलं, जिंकलो! येताना गाडीत ते चक्क गुणगुणत होते.

दोन दिवसांनी सकाळी फाटकाशी गवंडी उभा. हातात घण, खांद्यावर शिडी.

"हा कशाला?" बाबांनी विचारलं.

"दार फोडायला," मुलगा म्हणाला. "वरची तुळई वीतभर चढवून घेऊ. मोठा लोडर दुपारी येतोय."

बाबांनी वर तुळईकडे पाहिलं. ही तुळई त्यांनी स्वतः ओतली होती. मुलगा पाळण्यात असतानाची गोष्ट. आई खाली सिमेंट कालवत होत्या, बाबा वरून "पातळ झालं, पातळ झालं" म्हणून ओरडत होते, आणि आईंनी शेवटी "मग तुम्हीच या खाली" म्हणून घमेलं आपटलं होतं. भांडत भांडत घातलेली तुळई, पण इतक्या वर्षांत तिला केसाएवढी चीर गेली नव्हती.

गवंडी शिडीवर चढला. तळहातावर थुंकला. घण उचलला.

"थांब!" बाबा ओरडले. गायींनीही रवंथ थांबवला. "नको फोडूस. लोडर जातो दारातून. वर हात घालायला जागा उरते. मी खोटं बोललो."

गवंडी घण तसाच धरून राहिला. मुलगा बापाकडे बघतच राहिला. बाबांची वीत खोटं बोलते, हे त्याच्या पचनीच पडेना.

"पण का?"

 नेमक्या त्याच वेळी आई पोत्यांच्या ढिगामागून बाहेर आल्या. घण वाजायच्या आत पोती हलवायला गेल्या होत्या. हातात स्टूल.

"सापडलं एकदाचं मेलं!" त्या म्हणाल्या. "कुत्र्याने ओढून नेलं म्हणावं, तर वर पोतं पांघरून ठेवायची अक्कल कुत्र्याला कुठली?" आणि मग स्टुलाच्या फळीवर उमटलेला चिखलाच्या बुटाचा ठसा त्यांना दिसला. त्यांनी ठशाकडे पाहिलं, नवऱ्याच्या बुटाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अहो... तुम्ही?"

"चढता येत नाही मला," बाबा म्हणाले. सगळ्यांसमोर, अगदी गवंड्यासमोरसुद्धा. "गुडघा वाकत नाही. त्या मोठ्या लोडरवर मी चढू शकणार नाही, आणि तुम्ही मला घरी बसवाल. नाही बसायचं मला घरी. मला काम करायचंय!" शेवटी त्यांचा आवाज चिरकला, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

मुलगा मटकन गवताच्या गाठीवर बसला. मग हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"बाबा, केबिनचा लोडर मी कोणासाठी बघत होतो? माझ्यासाठी? पहाटेच्या गार वाऱ्याने तुमचा गुडघा धरतो, रात्रभर कण्हता, भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येतं. म्हटलं, काच असेल, आत ऊब असेल, तर अजून पुष्कळ वर्षं चालवाल. मला कुठे येतो लोडर? मी चालवला तर दावणीसकट गाय उचलीन!"

"खरंच उचलतील," सूनबाई म्हणाली. "मागच्या वेळी फाटक उचललं होतं."

 बाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं, आणि आलंच थोडं. त्यांनी ते शेणाच्या वासावर ढकललं.

"ते सगळं ठीक आहे," शिडीवरून गवंडी म्हणाला, "पण मी काय इथे हवा खायला आलोय? कोणी काही फोडू देणार की नाही?"

"फोडू नका, बांधा," सूनबाई म्हणाली. "दाराशेजारी ओटा बांधा, लोडरच्या केबिनच्या तळाइतका उंच, बुटक्या पायऱ्यांचा. एक इथे, एक गंजीजवळ. बाबा ओट्यावर जातील आणि सरळ आत पाऊल टाकतील. उतरायचं तेही तिथेच."

"पायरी केवढी?" गवंड्याने विचारलं आणि खिशातून टेप काढला.

"ठेव तो आत," मुलगा म्हणाला. "बाबा, वीत लावा."

बाबांनी वाकून आपल्या बुटापासून वर वीत लावली. या वेळी अगदी खरी.

ओटे वाळेपर्यंत लोडर अंगणात उभा राहिला आणि बाबा सकाळ-संध्याकाळ त्याच्या काचा पुसत राहिले. मग एका पहाटे ते बुटक्या पायऱ्या चढले आणि घरात शिरावं तसे केबिनमध्ये शिरले. आत खरंच ऊब होती. लोडर एकदाही न खोकता सुरू झाला, तेव्हा बाबांना क्षणभर चुकल्यासारखंही वाटलं. त्यांनी बकेट खाली घेतली आणि तोंड गोठ्याकडे वळवलं.

दाराशी आई आपल्या स्टुलावर ऐसपैस बसून वासराला दूध पाजत होत्या. लोडर जवळ आला तशा त्या भरल्या अंगणात मोठ्याने ओरडल्या,

"अहो, डोकं सांभाळा! दार वीतभर बुटकं आहे म्हणे!"