दातुकांचं नाव

वेनिंगबाई जावाहून आमच्या डोंगरातल्या शाळेत आल्या तेव्हा इंडोनेशियनच्या तासाला पोरं नुसत्या जांभया द्यायची. घरात सगळी आमची केरिंची बोली बोलणारी, शाळेत तोंडाला कुलूप. बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि नाहीशा होत चाललेल्या प्राण्यांची चित्रं भिंतीवर लावली. गेंडा, हत्ती, टापिर, धनेश. महिन्याभरात वर्ग असा बडबडायला लागला की शेजारी माझा गणिताचा तास बुडू लागला. इंडोनेशियनमध्ये जनावरं शेपटांवर मोजतात, त्यामुळे माझ्याकडेही 'पाच शेपूट गेंडे अधिक दोन शेपूट गेंडे' सुरू झालं. मला राग यायचा. मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

एका चित्रापाशी मात्र गाडी अडली. पट्टेरी जनावराचं चित्र दाखवून बाई म्हणाल्या, "म्हणा, हरिमाउ!" वर्ग चिडीचूप. बाईंना वाटलं, शब्द जड जातोय. त्यांनी तो तोडून तोडून सांगितला आणि शेवटी स्वतः गुरगुरून दाखवलं. पोरं घाबरून दाराकडे बघायला लागली.

मधल्या सुट्टीत मीच त्यांना गाठलं. "अहो बाई, या पोरांच्या आया डोंगरावर दालचिनीच्या बागेत जातात. आमच्याकडे त्या पट्टेवाल्यांचं नाव घेत नाहीत, घेतलं की ते येतात. दातुक म्हणायचं. आजोबा."

"वर्गातसुद्धा?"

"वर्गाच्या भिंती फळ्यांच्या आहेत, बाई. पलीकडे जंगल आहे."

बाई हसल्या, पण त्यांनी ते चित्र काढून ठेवलं.

हेडमास्तरांना मात्र हा सगळा प्रकारच पटत नव्हता. "शाळा आहे की प्राणिसंग्रहालय? जिल्ह्याच्या भाषणस्पर्धेत पहिला नंबर आला तर ठीक, नाहीतर ही चित्रं गुंडाळा आणि पुस्तक उघडा," त्यांनी सुनावलं. बाईंचा चेहरा उतरला. सहावीतली मर्लिस वर्गात सगळ्यात बोलकी, म्हणून तिलाच पाठवायचं ठरलं.

सुंगाई पेनू शहरातल्या सभागृहात विषय चिठ्ठीवर निघायचा. मर्लिसने चिठ्ठी उघडली आणि आमच्याकडे पाहिलं. काय निघालंय ते मला लगेच कळलं.

ती स्वच्छ इंडोनेशियनमध्ये बोलू लागली. "आमचे दातुक आता थोडेच उरलेत. माणसं फासे लावतात, जंगल तोडतात. भुकेले दातुक वाडीपाशी आले की आपणच बोंब मारतो. आजोबांना घराबाहेर काढलं, तर ते जाणार कुठे?" टाळ्याच टाळ्या झाल्या.

मुख्य परीक्षक मिशीवाले, घाटाखालच्या तपानचे. ते म्हणाले, "भाषण उत्तम. पण प्राण्याचं नाव आलंच नाही. नियम आहे, पोरी. नाव घे, नाहीतर बाद."

मर्लिसने नकारार्थी मान हलवली. माझ्या शेजारी बाई पुटपुटल्या, "एकदाच म्हण गं, बाळा." आणि मलाही, आयुष्यात पहिल्यांदा, तिने ते नाव घ्यावं असं वाटलं.

"सर, माझी आई आत्ता बागेत आहे."

"अगं, आपण शहरात आहोत! इथे कोण ऐकतंय?"

"मग तुम्हीच म्हणा ना, सर. तुम्हाला कुठे आमच्या डोंगरातून जायचंय?"

सभागृह हसलं. परीक्षकांनी ऐटीत माईक ओढला. "ह..." म्हणाले आणि थांबले. खिडकीबाहेर पाहिलं. मग शेजारच्या परीक्षकाकडे वळून हळूच म्हणाले, "मला संध्याकाळी मोटरसायकलवर तपानचा घाट उतरायचाय हो." माईक चालूच होता. लोक पोट धरून हसायला लागले.

त्यांनी माईक शेजाऱ्याकडे सरकवला. त्याने तो पुढच्या परीक्षकबाईंकडे. त्यांनी तो तसाच परत पाठवला.

परीक्षकांनी मिशीवरचा घाम पुसला. "दातुकच लिहा," ते म्हणाले. "पहिला नंबर."