ओस्टरलो घराण्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि मला राग आला आहे. दोनशे वर्षं मी ओस्टरलो घराण्याचं ओझं उचललं, त्याचा नाही. माझ्या नावावर त्यांनी जे खोटं खपवलं, त्याचा.

माझा जन्म दक्षिण आफ्रिकेत, औटेनिक्वा डोंगराच्या पायथ्याशी झाला. फेब्रुवारी नावाच्या सुताराने मला घडवलं. त्याला बंगालातून जहाजात कोंबून आणलं होतं. ज्या महिन्यात विकत घेतला, त्याच महिन्याचं नाव मालकाने त्याला ठेवलं. नावासाठी एवढीच तसदी घेतली. त्याची लेक दीना गुलामीतून सुटली आणि हेन्ड्रिक ओस्टरलोशी तिचं चर्चमध्ये लग्न झालं. तेव्हा बापाने मागच्या जंगलातलं पिवळं लाकूड आणून मला बनवलं आणि लेकीला दिलं. बैलगाडीच्या पुढच्या टोकाला मला बांधत. पोटात रस्क, बियाणं, बायबल आणि वर बसलेली दीना, असा आमचा प्रवास चाले. ते माझे चांगले दिवस होते.

पुढे दीनाची नातवंडं गोरीपान निघाली आणि दीनाचं नाव घ्यायचं सगळ्यांनी सोडून दिलं. दर रविवारी मटण खाऊन झालं की कॉफीबरोबर मूळपुरुषाची चर्चा सुरू होई. एका पिढीत तो हॉलंडचा होता, दुसरीत जर्मन डॉक्टर. एक तोरेबाज सून आली आणि तो फ्रेंच सरदार झाला. पुरावा मात्र एकच. "ही पेटी त्याने जहाजातून आणली," असं म्हणून माझ्यावर थाप मारायची. मला कोणी विचारलं नाही.

१९६१ साली त्या घरातली लेनी नऊ वर्षांची होती. सावळी होती, केस कुरळे होते. गोऱ्यांच्या शाळेने तिला घरी पाठवून दिलं. मग एक सरकारी माणूस आला. त्याने तिच्या केसांत पेन्सिल खोचली. ती खाली पडली नाही, म्हणून लेनी गोरी नाही असं ठरलं. बापाने त्या कागदावर निमूट सही केली आणि तिला नदीपलीकडच्या मिशनच्या वस्तीत एका धोबिणीकडे ठेवून आला. आई माझ्यावर बसून रडली. मग उठून तिने सगळ्यांना जेवायला वाढलं. त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही.

बरीच वर्षं गेली. राज्य बदललं, वर्णभेदाचे ते कायदेही गेले. लेनीचा थोरला भाऊ फान याने घराण्याचं संमेलन भरवायचं ठरवलं. वंशवृक्ष छापायला जायचा होता. माझ्या बिजागऱ्या दुरुस्त करायला इसाक सुतार आला होता, त्याच दिवशी लेनीही दारात उभी राहिली.

"बूती," ती भावाला म्हणाली, "वंशवृक्षात माझं नाव घाल. दुसरं काही नको मला."

"हे बघा बाई," फान म्हणाला, "हे युरोपातून आलेलं घराणं आहे. उगाच कोणाचंही नाव घालता येत नाही. आमच्याकडे पुरावा आहे." आणि त्याने माझ्यावर थाप मारली.

सख्ख्या बहिणीला तो 'बाई' म्हणाला. माझं झाकण उघडं असतं तर मी त्याची बोटं चेमटली असती.

इसाकने माझा तळ खरवडून वास घेतला. "ऊम फान," त्याने आदराने काका म्हणून हाक मारली, "राग मानू नका. हे पिवळं लाकूड आहे. याची झाडं तुमच्या गोठ्यामागे उगवतात. युरोपातून नाही आलेलं."

फानने वाकून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मूळपुरुषाने इथून लाकूड नेलं असेल. तिकडे पेटी करवून परत आणली."

"एका पेटीसाठी? भलताच हौशी माणूस," इसाक म्हणाला.

लेनीला हसू आलं. "बूती, पेटी इथलीच आहे, तरी तुम्ही तिला घरात ठेवलीत. मी तर याच घरात जन्मले."

फानचे कान लाल झाले. "इसाक, टाक ती कोठारात."

"कोठारात कशाला? मला दे," लेनी म्हणाली.

"न्या."

बहिणीला त्याने दिलेली ही पहिली वस्तू. इसाकच्या गाडीतून मी त्याच दिवशी नदीपलीकडे आले.

संमेलनाला फानने केपटाऊनहून ओकची डच पेटी विकत आणली. लोकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले म्हणे. वंशवृक्षाची एक प्रत इसाकने लेनीला आणून दिली. ती माझ्या पोटात आहे. त्यात फान आहे, जन्म १९४९. मग थेट कोबुस, जन्म १९५७. मध्ये कोणीच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, वाळवीपासून जपा. पण त्यांना कोणी घडवलं, त्यांच्यावर कोण बसलं, हेही जपा. ते जमत नसेल तर खुशाल मोडीत काढा आम्हाला, पण आमच्या तोंडी खोटं घालू नका. लेनी अधूनमधून तो कागद काढते, चष्मा लावते आणि त्या दोन नावांच्या मधल्या जागेत पेन्सिलीने आपलं नाव लिहिते. मग खोडते. पुढच्या वेळी पुन्हा लिहिते. तिथला कागद आता अगदी पातळ झाला आहे.